खाडीकाठचा सखल रस्ता आणि भरतीचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या नदीत समुद्राची भरती शिरते, तिच्या काठच्या सखल रस्त्याला दोन्हीकडून धोका असतो. खालून भरती चढते, वरून पावसाचं पाणी उतरतं. दोन्ही वेगवेगळ्या वेळी आली तर बहुधा निभावतं, एका वेळी आली की रस्ता बुडतो. यातल्या भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून तयार असतं, तरीही दर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी ‘अचानक’ आल्यासारखी धावपळ होते. अशा रस्त्यालगत राहणारे, रोज तिथून जाणारे आणि त्या रस्त्याची जबाबदारी असणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

पाऊस नाही, आभाळ मोकळं आहे, तरी रस्त्यावर पाणी कुठून येतं?

बहुतेक ठिकाणी गटारातून. रस्त्याचं पाणी नदीत सोडणारा नळ भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो आणि नदीचं पाणी त्याच नळातून उलटं वर येतं. काठ शाबूत, बांध कोरडा, आणि रस्त्याच्या मधोमध मात्र तळं साचलेलं, असं दृश्य दिसलं तर कारण हेच असतं. लोक बांधाकडे बोट दाखवतात आणि पाणी पायाखालच्या जाळीतून येत असतं.

ते गटारातून आलं की काठावरून, हे ओळखायचं कसं?

भरतीच्या तासभर आधी जाऊन रस्त्याकडेच्या जाळीपाशी उभे राहा. आधी आतून हवा निघाल्याचा गुडगुड आवाज येतो. मग चेंबरमधला कचरा, सुकी पानं, प्लास्टिकचे तुकडे हळूहळू वर उचलले जातात आणि जाळीच्या फटींतून गढूळ पाणी झिरपू लागतं. ते कडेने पसरत रस्त्याच्या उताराविरुद्ध सरकतं. काठावरून आलेलं पाणी असं येत नाही, ते एका सलग रेषेत पुढे येतं आणि त्याच्या तोंडाशी फेस आणि काडीकचरा असतो. पाणी गेल्यावर सुकलेल्या रस्त्यावर पांढुरका थर राहिला, तर खारं पाणी येऊन गेलं असं समजा. तो नसला तरी पाणी पावसाचंच होतं असं म्हणता येत नाही. नदीच्या वरच्या अंगाला भरती पुष्कळदा गोडंच पाणी वर ढकलते.

हा फरक समजून घेण्यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे. पाणी गटारातून येत असताना काठावर भिंत बांधली, तर आत आलेल्या पाण्याची बाहेर जायची वाट तेवढी बंद होते.

भरतीच्या तक्त्यात आज ४.६ मीटर लिहिलंय. आमचा रस्ता म्हणे २.२ मीटर उंचीवर आहे. मग तो रोजच बुडायला हवा ना?

दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचे शून्य वेगळे आहेत. भरतीच्या तक्त्यातला शून्य जहाजांच्या सोयीने धरलेला असतो, म्हणजे पाणी साधारणपणे ज्याच्या खाली जात नाही अशा नीचतम ओहोटीच्या आसपास. जमिनीच्या मोजणीतला शून्य बहुतेक देशांत समुद्राच्या सरासरी पातळीवर असतो. समजा, तुमच्या भागात या दोन शून्यांमध्ये २.५ मीटरचं अंतर आहे. मग तुमचा २.२ मीटरचा रस्ता भरतीच्या तक्त्याच्या भाषेत ४.७ मीटरवर आहे. आजच्या ४.६ ला तो कोरडा राहील, पण जेमतेम १० सेंटीमीटरने.

हा घोटाळा नकाशांवर, अहवालांत आणि सभांमध्ये इतक्या वेळा होतो, की कोणीही रस्त्याची किंवा भरतीची उंची सांगितली तर पहिला प्रश्न ‘कुठल्या शून्यापासून?’ हाच असायला हवा. त्यातही तक्ता बंदराचा असतो आणि तुमचा रस्ता नदीत आत. त्यामुळे कागदावरची बेरीज-वजाबाकी अंदाजापुरती ठीक. खरा आकडा जागेवरच मिळतो.

तो जागेवर कसा काढायचा?

रस्त्याचा सगळ्यात सखल बिंदू शोधा. तो नेहमी मध्यभागी नसतो, बऱ्याचदा कडेला एखाद्या चेंबरजवळ असतो. पाऊस थांबल्यावर सगळ्यात शेवटी सुकणारं डबकं बघून ठेवलं की तो सापडतो. त्या बिंदूची पातळी हा शून्य धरून, नदीच्या बाजूला पुलाच्या खांबावर किंवा धक्क्याच्या भिंतीवर सेंटीमीटरच्या खुणा असलेली पट्टी लावा, शून्याच्या वर आणि खालीही. पातळी नेण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतात तेवढं पुरतं. सर्व्हेचं यंत्र मिळालं तर उत्तम.

मग दर उधाणाला एवढंच लिहून ठेवा : तक्त्यातली उंची आणि वेळ, पट्टीवर दिसलेली कमाल पातळी आणि तिची वेळ, वारा कुठून होता, मागच्या दिवसभरात पाऊस किती झाला. काही महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. वारा-पाऊस नसताना तक्त्यात अमुक आकडा असला की पाणी रस्त्याच्या कडेला टेकतं, हे कळतं. हा तुमच्या रस्त्याचा आकडा. पुढच्या अख्ख्या वर्षाच्या तक्त्यात त्याच्या वरचे दिवस लाल पेनाने खुणावता येतात. महागड्या अभ्यास अहवालात बराच वेळा हेच काम असतं, फक्त बांधणी चांगली असते.

तक्त्यातल्या वेळेपेक्षा आमच्याकडे भरती उशिरा का येते?

भरती म्हणजे समुद्रातून नदीत आत सरकणारी लांबलचक लाट आहे. उथळ पाण्यात ती हळू सरकते. म्हणून मुखापासून जितके आत, तितकी भरती उशिरा. कुठे पाऊण तास, कुठे काही तास.

उंचीचं मात्र असं सरळ नाही. नदीचं मुख रुंद आणि आत पात्र निमुळतं होत गेलं असेल, तर पाणी कोंडून भरती आत जाताना वाढू शकते. लंडन ब्रिजपाशी थेम्सच्या भरती-ओहोटीतलं अंतर समुद्राकडच्या साउथएंडपेक्षा जास्त असतं ते यामुळेच. उलट पात्र उथळ, वळणावळणाचं, झाडीने भरलेलं असेल तर घर्षणाने भरती उतरत जाते. ‘आम्ही समुद्रापासून इतके लांब, आम्हाला काय होणार’ हे म्हणूनच धोक्याचं वाक्य आहे.

आत गेल्यावर आणखी एक फरक पडतो. पाणी चढतं झपाट्याने आणि उतरतं सावकाश. मुखापाशी दोन्हीला साधारण सव्वासहा तास लागतात. आतल्या भागात चढायला चार-पाचच तास लागतात आणि उतरण्याचा काळ त्या प्रमाणात लांबतो, असंही होतं. रस्त्यावर पाणी यायला लागलं की गाडी हलवायला वेळ कमी मिळतो, याचं कारण हे.

धोक्याचे दिवस कोणते?

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराची उधाणं. बहुतेक किनाऱ्यांवर सगळ्यात मोठी भरती त्या तिथीला नसून एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे ‘पौर्णिमा गेली, सुटलो’ म्हणू नका. चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाचं उधाण जास्त मोठं. मार्च आणि सप्टेंबरातल्या विषुवदिनांच्या आसपासची उधाणंही पुष्कळ किनाऱ्यांवर थोर असतात. शिवाय १८.६ वर्षांचं एक चांद्रचक्र आहे, त्याने उधाणांची उंची काही वर्षं किंचित वाढते, काही वर्षं किंचित उतरते. ‘गेली पाच-सहा वर्षं पाणी कमी आलंय’ यावर विसंबून निर्णय घेऊ नये, ते अशासाठीही.

भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, समुद्राकडून धोका सगळ्यात कमी. रस्त्याची, मोरीची, झडपांची कामं याच दिवसांत काढावीत.

काही वेळा पाणी तक्त्यापेक्षा फूटभर जास्त चढतं. तक्ता चुकीचा असतो का?

नाही. तक्ता फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतो, हवामान त्यात नसतं. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर वर येतो. सर्वसाधारण दाब १०१३ च्या आसपास असतो. वादळात तो ९८३ वर आला, तर नुसत्या दाबामुळे सुमारे ३० सेंटीमीटरची भर पडते. समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहणारा जोरदार वारा पाणी नदीच्या मुखात ढकलून धरतो, ती भर यापेक्षा कितीतरी मोठी असू शकते. त्यात वरून नदीला पूर असला तर पाण्याला उतरायला जागाच राहत नाही.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात हे जुळून आलं. उधाणाची भरती, खोल कमी दाबाचा पट्टा आणि उत्तरेकडून तुफान वारा. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून जास्त. लंडनला भरतीपासून वाचवणारा थेम्सवरचा दारांचा अडसर आणि समुद्र अडवण्याची डचांची डेल्टा योजना त्या रात्रीच्या धड्यातून उभ्या राहिल्या.

म्हणून तक्त्यातला आकडा हा तळ धरा आणि त्यावर हवामानाची भर घाला. तुमच्या रस्त्याचा आकडा ४.७ आणि तक्त्यात ४.४ असेल, तर शांत हवेत निर्धास्त राहा. पण वादळाचा इशारा असेल तर ३० सेंटीमीटरची ती गादी काहीच नाही.

पाऊस तर नेहमीसारखाच झाला, मग या वेळी इतकं पाणी का तुंबलं?

पाऊस कोणत्या वेळी पडला ते बघा. ओहोटीला पडलेला पाऊस गटारातून निघून जातो. तोच पाऊस भरतीच्या आगेमागे दोन तासांत पडला, तर नळाचं तोंड बंद आणि वरून पाणी चालूच. अशा वेळी पाणी वाहून जात नाही, फक्त साठतं. किती चढणार हे त्या दोन-चार तासांत आसपासच्या जमिनीवर किती पाणी मावतं त्यावर ठरतं. त्यामुळे उपायही दोनच प्रकारचे : ओहोटी असेपर्यंत पाणी जास्तीत जास्त लवकर बाहेर काढणं, आणि भरतीच्या वेळी ते ठेवायला जागा असणं. रस्त्यालगतची खोलगट पडीक जमीन, जुनी तळी, रुंद नाले ही ती जागा. दिसायला निरुपयोगी म्हणून त्यात भराव टाकला जातो आणि मग ते पाणी रस्त्यावर मुक्कामाला येतं.

मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व थेम्सवर वापरतात. १९८२ पासून कामात असलेला तिथला अडसर वरून पूर येत असेल तर ओहोटी संपता-संपता बंद करतात, म्हणजे आतलं रिकामं पात्र नदीच्या पाण्यासाठी मोकळं राहतं. तुमच्या नाल्याला लहानसं दार असेल तर तेही त्याच वेळी बंद व्हायला हवं. भरती अर्धी चढल्यावर दार लावलं तर आतली निम्मी जागा खाऱ्या पाण्याने आधीच भरलेली असते.

नळाच्या तोंडाला एकतर्फी झडप बसवली की काम झालं?

अर्धं झालं. आतलं पाणी बाहेर जाऊ देणारी आणि बाहेरचं आत न घेणारी झडप हा या सगळ्या उपायांत सगळ्यात स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे, पण तिच्यामागे लागणारा माणूस कोणी धरत नाही. बिजागरीवर लटकणारं लोखंडी झाकण असेल तर एक हातभर फांदी किंवा नारळाची करवंटी फटीत अडकली, की ते बोटभर उघडं राहतं, आणि बोटभर फटीतून सहा तासांत रस्ता भरायला पुरेसं पाणी येतं. बिजागरी गंजते. बसण्याच्या कडेवर कालवं धरतात, मग झाकण नीट टेकत नाही. समोर गाळ चढला की ते उघडतच नाही, आणि पावसाचं पाणी आत अडकून बसतं. रबरी तोंडाच्या झडपांना बिजागरी नसते, त्या कचऱ्यालाही जरा कमी अडकतात, पण गाळाचं दुखणं त्यांनाही आहे.

तपासायची पद्धत सोपी आहे. मोठ्या उधाणाच्या दिवशी, पाऊस नसताना, पूर्ण भरतीला आतल्या चेंबरमध्ये बॅटरी मारून बघा. पाणी स्थिर असेल तर झडप धरतेय. चढत असेल तर गळतेय. मग ओहोटीला खाली उतरून ती साफ करा आणि हाताने उघडून-मिटून बघा. दर उधाणाच्या आधी एकदा हे व्हायला हवं आणि ते कोण करणार त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं.

झडप असली तरी भरतीच्या वेळचा पाऊस आतच साठणार, हे विसरू नका.

मग पंप लावावा का?

जिथे पाणी साठवायला जागाच नाही तिथे लावावा लागतो. वीज जाईल हे धरूनच चालायचं, कारण वादळात ती जातेच. म्हणून डिझेलवर चालणारा पर्याय हवा, आणि तो पुराच्या पातळीच्या वर बसवलेला. पंपाआधी जाळी, आणि जाळी उपसायला माणूस. झडप न बसवता पंप लावला, तर तुम्ही नदीच उपसत बसाल.

सरळ रस्ताच उंच केला तर?

सगळ्यांच्या मनात पहिला येणारा उपाय हाच. काही ठिकाणी तो योग्यही असतो. पण आधी काही गोष्टी बघाव्या लागतात.

उंच रस्ता म्हणजे आडवा बांध. नदीचं पाणी तो अडवेल, तसं डोंगराकडून येणारं पाणीही अडवेल. पूर्वी रस्त्यावरून वाहून नदीला मिळणारं पाणी आता रस्त्याच्या आतल्या बाजूला थांबतं, आणि तिथे घरं असतात. मोऱ्या पुरेशा ठेवल्या तरी भरतीत त्या बंद, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, फक्त रस्त्याऐवजी लोकांच्या ओट्यावर. अमेरिकेत मायामी बीचने काही रस्ते उंच केले, पंप बसवले, आणि रस्त्याखाली राहिलेल्या दुकानांचा-घरांचा प्रश्न तिथेही उभा राहिलाच.

दुसरी गोष्ट माती. खाडीकाठची जमीन बहुधा मऊ चिखलमातीची असते. तिच्यावर मीटरभर भराव टाकला की ती त्याच्या भाराने वर्षानुवर्षं दबत जाते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही. पुलाला लागून असलेला भाग जागेवर राहतो, त्याच्या पलीकडचा बसतो, आणि तिथे नवा खळगा तयार होतो. पहिल्या डबक्यासाठी मोठा खर्च करून दुसरं डबकं पन्नास मीटर पुढे सरकवल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

माझं मत विचाराल तर : अख्खा रस्ता उचलण्याआधी त्याच्या लांबीचा उभा छेद, म्हणजे कुठे किती उंची आहे त्याचा आलेख, काढून घ्या. बऱ्याचदा दोन किलोमीटरपैकी एकदोनशे मीटरच खाली असतात. तेवढेच, मोऱ्यांसकट, उचलले तर रस्ता बुडण्याच्या निम्म्याहून जास्त खेपा टळतात. आणि नुसतं डांबराचे थर चढवत राहणं म्हणजे उंची वाढवणं नव्हे. त्याने गटारांची तोंडं तेवढी बुजतात.

काठावर भिंत?

भिंत तिच्या सगळ्यात खालच्या बिंदूइतकीच उंच. बोटीवर जाण्यासाठी ठेवलेली फट, जुना उतार, दोन टोकांना भिंत जिथे उंच जमिनीला मिळायला हवी पण मिळत नाही ती जागा, या आधी बघा.

खारफुटी आणि खाजण साफ केलं तर पाणी लवकर ओसरेल का?

फुगलेल्या नाल्यात जलपर्णी किंवा गाळ अडकला असेल तर तो काढायलाच हवा. पण काठावरची तिवरं, म्हणजे खारफुटी, आणि खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल, ही अडथळ्याची झाडी नव्हे. ती लाटांचा जोर मोडते, काठ धरून ठेवते, गाळ अडवते, आणि भरतीचं पाणी पसरायला जागा देते. ती काढून तिथे भराव घातला की तेवढं पाणी पात्रात उरतं आणि पातळी वाढते. पात्र खोल करण्याबद्दलही जपून. मुखाकडे खोलीकरण केलं की भरतीला आत यायला वाट मोकळी होते, आणि आतल्या भागात ती पूर्वीपेक्षा उंच येऊ शकते.

रस्ता बंद कधी करायचा?

पाणी येण्याआधी. पाणी दिसल्यावर बंद करू म्हटलं, तर फाटक लावणारा माणूस पोचेपर्यंत चार गाड्या आत गेलेल्या असतात, आणि त्यातली एक बंद पडते. मग मागच्या अडकतात.

आपल्या रस्त्याचा आकडा माहीत असेल तर निर्णय आदल्या दिवशीच घेता येतो. उद्याच्या तक्त्यातली उंची, त्यात वादळाची किंवा पुराची भर, बेरीज आकड्याच्या जवळ गेली तर रस्ता अमुक ते अमुक वेळ बंद, असं आज संध्याकाळीच जाहीर करायचं. वेळेसकट. ‘पाणी भरल्यास रस्ता बंद राहील’ या पाटीने कोणाचंच भलं होत नाही. दुपारी सव्वाबारा ते पावणेतीन बंद म्हटलं की शाळेची बस, दूधवाला, दवाखान्यात तारीख असलेला माणूस सगळे आपापली वेळ बदलतात. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता भरतीला बुडतो, तिथे सुरक्षित वेळा वर्षभराच्या आधीच छापतात. तरीही दरवर्षी गाड्या अडकतात, हेही खरं.

फाटक लावायची जागा महत्त्वाची. पाण्याच्या तोंडाशी लावलं तर मोठ्या ट्रकला वळायला जागा नसते, आणि तो ‘आता एवढं आलोच आहे’ म्हणून पुढे घुसतो. शेवटच्या फाट्यावर लावा, जिथून पर्यायी रस्त्याला जाता येतं. दोन्ही टोकांना एकाच वेळी. रात्री परावर्तक पट्ट्या आणि दिवा हवाच. अंधारात ओला डांबरी रस्ता आणि स्थिर पाणी यांत ड्रायव्हरला फरक दिसत नाही.

आणि खोली दाखवणारे खांब रस्त्याच्या दोन्ही कडांना लावा. पाणी भरल्यावर रस्ता कुठे संपतो आणि नाला कुठे सुरू होतो, हे फक्त तेच सांगतात.

गाडी किती पाण्यातून नेता येते?

वाहत्या पाण्यातून नेऊच नये. हिशेब बघा. १,२०० किलोची गाडी, तळ साधारण ४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद, म्हणजे ६.४ चौरस मीटर. तळ पाण्यात १० सेंटीमीटर बुडला की ६४० किलो पाणी बाजूला सरतं आणि गाडीचं तेवढं वजन पाणी उचलतं. १९ सेंटीमीटरला सगळं वजन उचललं गेलं. गाडीचा तळ रस्त्यापासून १५ सेंटीमीटर वर धरला, तर गुडघ्याखालच्या, म्हणजे ३४-३५ सेंटीमीटर पाण्यात टायरांवर भारच उरत नाही. त्याआधीच पकड सुटलेली असते. बाजूने वाहणाऱ्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर रेटा चौपट. जड, उंच गाड्याही साधारण ६० सेंटीमीटरच्या वाहत्या पाण्यात वाहून जातात.

यात खड्डे, उघडी चेंबरं आणि खचलेल्या कडा धरलेल्या नाहीत.

पुढची गाडी गेली म्हणजे आपलीही जाईल, असं नसतं. ती गेली ते पाणी दहा मिनिटांपूर्वीचं होतं. आणि पाण्यातून वेगाने गाडी नेणारे जी लाट उठवतात, ती रस्त्यालगतच्या घरांच्या उंबऱ्याच्या आत जाते. तिथल्या लोकांचा राग समजण्यासारखा आहे.

दुचाकी किंवा पायी?

घोटाभर, १५ सेंटीमीटर जोरात वाहणारं पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. दुचाकी ढकलत नेणं तर त्याहून वाईट, दोन्ही हात अडकलेले असतात. थांबा. पुढची ओहोटी काही तासांवरच असते.

खाऱ्या पाण्यातून गाडी निघाली. पुढे?

त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने भरपूर धुवा. चाकांच्या आतून, ब्रेकपाशी, सायलेन्सरच्या वर. थोडं अंतर हळू चालवत ब्रेक दाबून सुकवा. पाणी आत शिरल्याचा संशय असेल, किंवा गाडी पाण्यातच बंद पडली असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्ती इंजिनावर जाते.

विजेवर चालणारी गाडी खाऱ्या पाण्यात बुडून राहिली असेल तर ती घराखाली किंवा इतर गाड्यांच्या शेजारी ठेवू नका, चार्जिंगला तर लावूच नका. खारं पाणी वीजवाहक असतं, त्यातलं मीठ सुकल्यावरही आत राहतं, आणि आग काही दिवसांनीही लागू शकते. २०१२ मध्ये सँडी आणि २०२२ मध्ये इयन चक्रीवादळानंतर अमेरिकेत अशा गाड्या पेटल्या होत्या.

पाणी ओसरलं. रस्ता लगेच सुरू करायचा?

आधी चालून बघा, आणि नदीच्या बाजूच्या कडेने. पाणी रस्त्यावरून परत नदीत पडताना त्या कडेची माती खालून खणून नेतं. वरचं डांबर तसंच राहतं, खाली पोकळी होते. काठीने ठोकलं की आवाज बदलतो. मोरीच्या दोन्ही तोंडांशीही बघा.

हलक्या गाड्या सोडल्या तरी मोठे ट्रक थोडे थांबवावेत. डांबराखालची खडी आणि माती पाण्याने भरलेली असते तेव्हा तिची भार पेलण्याची ताकद बरीच उतरते. वरून कोरडा दिसणारा रस्ता अशा वेळी एका जड वाहनाच्या फेरीत जेवढा खराब होतो, तेवढा एरवी कितीतरी फेऱ्यांत होत नाही. पूर गेल्यावर महिनाभरात रस्ता ‘आपोआप’ उखडतो, त्यामागे बहुधा या पहिल्या दोन दिवसांची वाहतूक असते.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ आत्ताच येऊन गेला. आता शंभर वर्षं निश्चिंत?

नाही. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. पुढच्या ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात. काही मिलिमीटरने काय फरक पडतो?

१९०१ ते २०१८ या काळात जगभरातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. कुठे जमीनही खचते, तिथे दोन्हींची बेरीज धरावी. मोठ्या पुराला याने थोडीच भर पडते. खरा फरक लहान पुरांत दिसतो. तुमचा रस्ता आज मोठ्या उधाणांना पाच सेंटीमीटरने वाचत असेल, तर पातळी तेवढी वाढल्यावर त्यातली बरीच उधाणं रस्त्यावर येतील. वर्षातून दोनदा होणारा त्रास महिन्यातून दोनदाचा होतो तो असा. नवी मोरी किंवा झडप बसवताना तिच्या आयुष्यभराची ही वाढ आजच धरलेली बरी, नंतर तोडून बांधणं फार महाग पडतं.

पैसे थोडेच आहेत. सुरुवात कुठून?

पट्टी आणि वही. मग गटारं-मोऱ्यांची सफाई, झडपा, दोन टोकांची फाटकं आणि खोलीचे खांब. त्यानंतर सखल तुकडा उचलणं. पंप आणि भिंती शेवटी, तेही वहीतल्या नोंदी बघून.

पट्टी पुरात वाहून गेली किंवा कोणी उखडली तर?

संदर्भाची खूण शेजारच्या एखाद्या पक्क्या बांधकामावर आणखी दोन ठिकाणी कोरून ठेवा, पुलाच्या कठड्यावर किंवा देवळाच्या जोत्यावर, आणि पट्टीच्या शून्यापासून तिची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नवी पट्टी त्यावरून लावता येते आणि जुन्या नोंदी वाया जात नाहीत.